इंदूचं तोंड आणायला पेणला

पेणला माणसं गणपती आणायला जातात. मी माझ्या मेलेल्या बायकोचं तोंड आणायला गेलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा म्हणेल म्हातारा देवदर्शनाला गेला असेल.

माझं शिक्षण चौथी. एसटीच्या डेपोत टायर खोलायचं आणि चढवायचं काम केलं, त्यातच रिटायर झालो. गाव फलटणच्या बाजूला. बायको इंदू गेल्या आषाढात गेली. गेल्यावर चार महिने डोळे मिटले की समोर उभी राहायची. दिवाळीनंतर एका सकाळी चहा ठेवला आणि तिला आठवायला गेलो, तर पातळ दिसलं, बांगड्या दिसल्या, तोंड दिसेना. मी ओट्याला धरून उभा राहिलो. चहा उतू गेला. मेलेलं माणूस नंतरही थोडं थोडं मरत राहतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

फोटो बघावा तर घरात बरा असा एकच. लग्नानंतर फलटणला स्टुडिओत काढलेला. मागं पडदा, त्यावर बर्फाचा डोंगर आणि तळं. फोटोवाल्यानं तिला हनुवटी वर धरायला लावली आणि मला तिच्या खांद्यावर हात ठेवायला सांगितला, सिनेमात ठेवतात तसा. चार लोकांत तिच्या खांद्यावर मी हात ठेवला तो जन्मात तेवढाच. वर त्या गड्यानं आपल्या मनानं तिचा रंग उजळला, नाक सरळ केलं. आधारकार्डावर ती चोर धरून आणल्यासारखी दिसते. पुढं घरोघर फोन आले, पण कोणी फोन समोर धरला की ती पदर तोंडावर ओढून आत जायची.

माझी नात प्राजक्ता पुण्याला कॉलेजात शिकते. मुलीची मुलगी. जाहिरातींत आणि प्रेमाच्या सिनेमांत माणसं कशी दाखवतात, कोणाला दाखवतात आणि कोणाला दाखवतच नाहीत, असा तिचा अभ्यास. मी म्हणालो, एवढ्यासाठी कॉलेज कशाला, टीव्ही लाव आणि बघ. ती म्हणाली, "आबा, टीव्हीवर आज्जीसारखी बाई कधी बघितली का?" मी दोन दिवस विचार केला. बघितली होती. पण ती साबण लावायच्या आधीची. साबण लावला की दुसरीच यायची.

ह्या अभ्यासासाठी प्राजू पेण आणि रोह्याला काम करणाऱ्या बायकांशी बोलायला निघाली होती. पेणला गौरीचे मुखवटे करतात हे मला ठाऊक होतं. म्हटलं, मीही येतो. पूजेला नको, नुसतं बघायला इंदूचं तोंड करून घेतो. ते डोळ्यांपुढनं पुरतं जायच्या आत.

पेण

आमच्याकडं पौषात अंगणात कडबा रचलेला असतो. पेणला गल्लीगल्लीत देव वाळत घातलेले. ओटीवर गणपती, जिन्यात गणपती, दोरीवर कपडे आणि त्याच्या खाली पांढरे, बिनरंगाचे, बिनडोळ्यांचे गणपती ओळीनं. माणसं त्यांच्यातनं वाट काढत भाजी आणायला जातात, कोणाचा धक्का लागत नाही. मी मात्र तिसऱ्याच घरापाशी पिशवीनं एका उंदराचं शेपूट मोडलं. त्या घरच्या बाईनं ओरडायच्या ऐवजी बोटाला पाणी लावलं, मातीचा गोळा घेतला आणि मी माफी मागेपर्यंत शेपूट बसवलं. असे हात असलेली माणसं मला आवडतात.

प्राजूच्या यादीतल्या मंदाताईंच्या मूर्तींच्या कारखान्यात सहा-सात बायका काम करत होत्या. मंदाताई साठीच्या, अंगानं बारीक, साडीचा पदर कमरेला खोचलेला. त्यांच्याकडं आखणीचं काम. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकीच्यांचं सगळं झालं तरी त्यांचा हात लागेपर्यंत देव आंधळा. त्यांच्या कुंचल्याला मोजके केस. श्वास घेतला, धरला, एक डोळा काढला, मग सोडला. जन्मभर मी नट पिळले, पण श्वास धरून करायचं काम मला कधी मिळालं नाही. मी तासभर तिथंच उभा. मूर्ती पुढं आली की मातीची असायची आणि मागं गेली की आपल्याकडं बघायची.

मी पिशवीतनं फोटो काढला. त्यांनी तो उजेडाकडं धरला, बोटानं इंदूच्या गालावरनं फिरवला.

"बाबा, हा फोटो धुतलेला हाय," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात तुमची बायको नाय. फोटोवाल्याला आवडते ती बाई हाय. तुमी तोंडानं सांगा, कशी होती?"

मी सांगितलं. रंग सावळा, डोळे मोठे, नाक सरळ, हसली की गालाला खळी.

माती मळणारी एक पोरगी तोंड फिरवून हसली. मंदाताईंनी फळीवरचे गौरीचे मुखवटे दाखवले. वीस-पंचवीस असतील. सगळ्यांचे डोळे मोठे, सगळ्यांची नाकं सरळ, सगळ्यांना खळी.

"ह्या सगल्या तुमच्याच का?" त्यांनी विचारलं, आणि मग अख्खा कारखाना हसला.

मला राग आला. म्हणालो, माझी बायको मला ठाऊक की तुम्हाला? प्राजू जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आबा, आज्जीला खळी नव्हती."

खरंच नव्हती. मग ती खळी माझ्या डोक्यात आली कुठनं? जत्रेत तंबूतले सिनेमे बघायचो, टीव्ही आल्यावर तर रोजच. कुठल्या तरी नटीची खळी इंदूच्या गालावर येऊन बसली होती आणि मी ती तिचीच म्हणून सांभाळत होतो. नाकसुद्धा सरळ नव्हतं तिचं, ते फोटोवाल्याचं. मग माझ्याजवळ तिचं स्वतःचं असं काय राहिलं होतं? मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. मघाचा उंदीर समोरच वाळत होता.

मंदाताई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, फोटोवरनंच करते, पण साच्यातनं नाय, हातानं करते. रंग तुमी सांगाल तसा. चौथ्या दिवशी या, आणि मधी काय आठवलं तर येऊन सांगा.

दुपारी एका घरगुती खाणावळीत जेवलो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि जिताडा म्हणून इकडचा मासा, त्याचं कालवण. तांदळाची भाकरी पांढरी आणि मऊ, गार झाली तरी मोडत नाही. आमची ज्वारीची तव्यावरनं थेट ताटात पडली तरच खरी. जिताड्यासारखी चव मी आयुष्यात घेतली नव्हती, त्या हावरेपणात काटा घशात अडकला. खाणावळीच्या बाईनं कोरड्या भाताचा मूठभर गोळा हातावर ठेवला, न चावता गिळा म्हणाली. काटा गेला. ती प्राजूला म्हणाली, "घाटावरच्यांना मासा दिला की भाताचा गोला आधीच वलून ठेवायचा गो."

खाडीकडं

दुसऱ्या दिवशी रिक्षानं खाडीकाठच्या एका गावात गेलो. तिथं मिठागरं. चौकोनी वाफे, बांध घातलेले, आमच्याकडं भाजीला करतात तसेच, पण त्यांत भरतीचं पाणी आणि पाण्याखाली पांढरी साय धरलेली. ती साय लांब दांड्याच्या लाकडी फळीनं ओढून बांधावर लावायची. ऊन खालनंही येतं. मी टोपी घालून गेलो आणि हनुवटी भाजून आलो.

तिथं चांगुणाबाई भेटल्या. वय त्यांनाच ठाऊक नाही. चार बायकांबरोबर मीठ ओढत होत्या. प्राजूनं फोनवर त्यांना मिठाची एक जाहिरात दाखवली. पांढरं स्वयंपाकघर, पांढरी बाई, ती चिमूटभर मीठ टाकते आणि नवरा तिच्याकडं प्रेमानं बघतो. प्राजूनं विचारलं, ह्यात कोण दिसत नाही?

चांगुणाबाई म्हणाल्या, "मीठ कुठनं आला ता दिसत नाय. तिच्या डब्यातच पिकला वाटतं." दुसरी म्हणाली, तो नवरा कामावर कधी जातो ते पण दिसत नाय. तिसरीनं विचारलं, आमी दिसलो असतो तर लोकांनी ता मीठ खाल्ला असता का? प्राजूनं हे वहीत लिहून घेतलं, मी डोक्यात.

मग चांगुणाबाई म्हणाल्या, "पण मी पिक्चरात हाय बरं का."

मला वाटलं थट्टा. तर मागं कधी तरी एका प्रेमाच्या सिनेमाचं गाणं तिथं घेतलं होतं. हिरॉईन मिठागरात काम करणारी गरीब पोर, हिरो शहरातला. मिठाच्या ढिगांमधनं दोघं पळणार. खरे काम करणारे सगळे बांधाच्या पलीकडं हाकलले, चित्रात यायला नकोत म्हणून. पण हिरॉईनला फळी ओढता येईना. दोनदा ओढली, तळहाताला फोड आला, ती खुर्चीवर जाऊन बसली. मग चांगुणाबाईंना बोलावलं, अंगात हिरॉईनसारखं पोलकं घातलं आणि कॅमेरा नुसता हातांवर लावला.

प्राजूनं ते गाणं फोनवर शोधून काढलं. आम्ही सगळे बांधावर डोकी एकत्र करून बसलो. हिरो पळतो, हिरॉईन पळते, ढीग काय, वारा काय. मग एकदम दोन हात आले. शिरा वर आलेले, अंगठ्याच्या मुळाशी मिठानं खाल्लेली खाच, फळीवर घट्ट. डोळ्याचं पातं लवेपर्यंत आले आणि गेले. पुढं लगेच हिरॉईनचं गोरं तोंड, घाम पुसत.

मघाशी पाणी प्यायला गेलेली एक बाई तेवढ्यात परत आली. तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. प्राजूनं पुन्हा लावलं. हात आले तशी ती म्हणाली, "अगो, हे तर आपल्या चांगुणाचे हात." नंतर हिरॉईनचं तोंड आलं, तर तिनं विचारलं, "आणि ही कोण?"

सगळ्या इतक्या हसल्या की एकीची टोपली वाफ्यात पडली. चांगुणाबाई हसल्या नाहीत. फोनकडं बघत म्हणाल्या, "तोंड तिचा. काम माजा." मग उठल्या आणि फळी धरली. त्या माऊलीची ओढायची पद्धत बघण्यासारखी आहे. पाय हलत नाहीत, पाण्याला भोवरा पडत नाही, चिखल वर येत नाही, नुसती पांढरी साय बांधापर्यंत चालत येते.

रोहा

तिसऱ्या दिवशी रेल्वेनं रोह्याला. कासू स्टेशन गेलं, मग डोंगर जवळ आले. नदी मोठी आणि शांत, गाव तिच्या अंगावर रेललेलं. जवळच केमिकलच्या कंपन्या, वास आधी येतो आणि कंपनी मागनं दिसते. पण माणसं बोलकी. पत्ता विचारला तर दारापर्यंत पोचवून, पाणी पाजून जातात. आमच्याकडं "तिकडं" म्हणून नुसता हात करतात.

प्राजूला शैला नावाच्या बाईशी बोलायचं होतं. ती एका कंपनीत पॅकिंगला, नवरा दिनेश दुसऱ्या कंपनीत. त्याची रातपाळी सुटते तेव्हा हिची पहिली शिफ्ट लागायची असते. दोघांची भेट बस-थांब्यावर. तो उतरतो, ती चढते. मधल्या वेळात तो तिला छत्री नाहीतर सुटे पैसे देतो, ती त्याला किल्ली देते आणि कालवण कुठं झाकून ठेवलंय ते सांगते. आठवड्याची सुट्टी दोघांची एका दिवशी येत नाही. त्या दिवशी मात्र शैलानं रजा काढली होती आणि दिनेश न झोपता बसला होता.

प्राजूनं विचारलं, प्रेमाचे सिनेमे बघता का? शैला म्हणाली, बघते की. त्यांत ती दोघं नुसती एकमेकांकडं बघत बसतात, त्यांना बस चुकत नाय. दिनेश म्हणाला, मी आजून त्यात कोणाला जांभई देताना बघितलं नाय.

मला राहवलं नाही. मी त्याला म्हणालो, डोळे मिट आणि तुझी बायको कशी दिसते ते सांग. तो हसला, मिटले त्यानं डोळे. म्हणाला, "गोरी हाय. नाकीडोली नीट. केस लांब."

शैला माझ्या इंदूसारखीच काळीसावळी. केस खांद्यापर्यंत, कंपनीत टोपीखाली बसावेत म्हणून कापलेले. ती म्हणाली, "कोण हाय ती? घेऊन या एकदा घरी, भांडी घासायला लावते." बिचारा लाल झाला. मग खाली बघत म्हणाला, "पण बाबा, डबा कोणी बांधलाय ता मी न बघता सांगीन. ही फडक्याची गाठ डावीकडं मारते. रागात असली तर दोन मारते."

शैलानं पदरानं तोंड झाकलं. मी प्राजूला म्हणालो, वही ठेव आता, ह्या दोघांना जेवू दे. येताना गाडीत कळलं, बायकोचं तोंड धड न सांगता येणारा एकटा मीच नाही. आणि दुसरं काहीतरी कळत होतं, पण ते अजून धड हातात येत नव्हतं.

पुन्हा पेण

चौथ्या दिवशी मंदाताईंनी फडक्याखालनं मुखवटा काढला. शब्द अपुरे पडावेत असं काम. फोटोतली हनुवटी तशीच, डोळे असे की मी कारखान्याच्या कुठल्याही कोपऱ्यात गेलो तरी माझ्याकडंच. रंग सावळा केलेला. खळी नव्हती. सगळ्या बायका काम थांबवून माझ्याकडं बघत होत्या.

मी बघितलं, पुन्हा बघितलं. "काम लाखात एक आहे," मी म्हणालो, "पण ही ती नाही."

मला वाटलं मंदाताई चिडतील. त्या मुखवट्याकडं बघत म्हणाल्या, "मला रंगवतानाच वाटला. ही बाई कोणावर कधी वैतागली नाय."

तेव्हा माझ्या तोंडातनं निघालं, "तुम्ही हात करता का?"

त्यांनी विचारलं, कसे? आणि मी सांगायला लागलो. उजव्या हाताची करंगळी बाहेर वाकलेली, शेळीच्या दाव्यात अडकून मोडली होती, गावच्या माणसानं बसवली ती वाकडीच. डाव्या मनगटावर आतल्या अंगाला तव्याचा चटका, नखाच्या चंद्रासारखा. उजव्या मनगटावर तुळस गोंदलेली, तिचं एक पान अर्धंच, कारण ती रडून उठून पळाली होती. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. बांगड्यांच्या जागी कातडी जरा उजळ. ती सवाष्ण गेली, बांगड्या तिच्याबरोबरच गेल्या. रंग दूध कमी पडलेल्या चहाचा. बोटं आखूड, तळवा रुंद, पेरांना सुरकुत्या आणि सुरकुत्यांत थोडं पीठ राहिलेलं, हात धुतले तरी.

मी किती वेळ बोलत होतो कोण जाणे. कुठं अडलो नाही. थांबलो तेव्हा माती मळणारी ती पोरगी हसत नव्हती.

प्राजूनं फोन काढला. म्हणाली, "आबा, आज्जीचा एक व्हिडिओ आहे. भाकरी करतानाचा. तोंड नको म्हणाली म्हणून नुसते हातच घेतलेत. तुम्हाला तोंड पाहिजे होतं म्हणून दाखवला नाही."

मंदाताईंनी व्हिडिओ बघितला. मी नाही बघितला, धीर झाला नाही. पण आवाज कानावर आला. भाकरी थापल्याचा, बांगड्यांचा, आणि मग तिचा, माझ्यावर खेकसल्याचा: "मागं सरा की, उजेड अडवताय."

मंदाताईंनी फोन खाली ठेवला. म्हणाल्या, "बाबा, एक पण चूक नाय. पानसुद्धा अर्धंच हाय."

त्यांनी विचारलं, हात आशीर्वादाचे करू का गौरीसारखे? मी म्हणालो, तिनं जन्मात कोणाला आशीर्वाद दिला नाही, जेवून जा एवढंच म्हणायची. भाकरी फिरवतानाचे करा. एक तळवा खाली, एक वर, मध्ये जागा ठेवा.

आम्ही लॉजवर आणखी काही दिवस काढले. मंदाताईंनी बोटांत तार घातली, सावलीत सुकवलं, उन्हात तडकतं म्हणून. रंगाचा हात दोनदा बदलायला लावला मी, दूध जास्त झालं होतं. शेवटी करंगळीवर कुंचला टेकताना त्यांनी डोळे काढताना धरतात तसाच श्वास धरला.

तो मुखवटा मी तिथंच ठेवला. मंदाताईंनी तो फळीवर बाकीच्या गौरींत मांडला. भाद्रपदात कोणाच्या तरी घरी ती बाई बसेल, नैवेद्य खाईल. इंदूला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, बसू दे बया, मला कुठं वेळ आहे.

घरी

खोक्यात भाताचा पेंढा भरून हात मांडीवर घेऊन आलो, बसमध्ये एका खड्ड्यालाही खोका हलू दिला नाही. लोकांनी विचारलं, गणपती का? मी व्हय म्हणालो. पोचल्यावर देवघरात ठेवायला गेलो, पण तिथं ती दोन मिनिटांच्या वर कधी बसली नव्हती. स्वयंपाकघरात ओट्यावर, समोरच्या खिडकीचा उजेड पडेल असे ठेवले.

आषाढापासून मी मुलाकडनं येणारं सुनेच्या हातचं किंवा पाव खात होतो. त्या दिवशी ज्वारीचं पीठ मळलं. थापली, किती मोठी करायची ते कळेना. मग थापलेली भाकरी हातावर घेऊन त्या दोन हातांमधल्या जागेशी धरली. मोठी झाली होती. मोडली, परत थापली, परत धरली. तिसरी बरोबर बसली. एवढीच असायची तिची भाकरी. हे मला रोज जेवून पन्नास वर्षांत माहीत नव्हतं.

तव्यावर टाकायला वळलो, तर हातांवर माझी सावली पडलेली.

मी मागं सरलो.